परीक्षा फक्त जमिनीवर

हळबे कॅप्टनच्या घरात भर दुपारी देवघरातली घंटा वाजायची. आरतीची नव्हे. आरतीची घंटा तालात वाजते. ही कुणीतरी घाबरून वाजवावी तशी खणखण वाजायची आणि मधेच गप्प व्हायची. आम्ही नेरूळला राहायला येऊन आठवडा झाला नव्हता, त्यामुळे समोरच्या दारावरच्या पितळी पाटीपलीकडे त्या घराची मला काहीच माहिती नव्हती. करावे गावची मासेवाली आमच्या दारात पाटी उतरवून बसली होती आणि मी तिच्याशी बोंबलांवरून हुज्जत घालत होते. तेवढ्यात घंटा झाली.

"यो कंचा देव गं बाय, दुपारचा उठला?" ती म्हणाली. "जा, परसाद हाय का बग."

मी जात्याच भोचक. समोरचं दार अर्धवट उघडं होतं, ते हातातल्या बोंबलांसकट ढकललं. जेवणाचं टेबल बाजूला सारून दोन खुर्च्या भिंतीकडे तोंड करून शेजारी शेजारी मांडल्या होत्या. भिंतीवर खालपासून वरपर्यंत जाड कागद चिकटवलेला, त्यावर नुसती घड्याळं, बटणं आणि दिवे छापलेले. दोन खुर्च्यांच्या मधे स्टुलावर तसाच आणखी एक कागद. एवढंच काय, डोक्यावर छतालाही बटणांचा कागद. डाव्या खुर्चीत बनियन-पायजम्यातले एक धिप्पाड, पिकल्या केसांचे गृहस्थ दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसले होते. उजव्या खुर्चीत त्यांच्या बायको, हातात घंटा. स्टुलावरच्या कागदावर एक लालभडक टिकली चिकटवलेली होती आणि दोघं तिच्याकडे टक लावून बघत होते.

"इंजिन फायर, उजवं," बाई म्हणाल्या.

गृहस्थांनी सावकाश श्वास सोडला. एक हात बाहेर काढला आणि कागदावरच्या उजव्या दांड्यावर ठेवला. "उजवं. कन्फर्म?"

बाईंनी वाकून त्यांचा हात कुठे आहे ते पाहिलं. "उजवं. कन्फर्म."

तेव्हा कुठे त्यांनी हात मागे ओढला. कागदावरून ओढणार काय, डोंबल! पण दंडाचे स्नायू चांगले टरारून आले होते. मग ते माझ्याकडे वळून म्हणाले, "या. आग विझली. बोंबील ताजे दिसतायत."

ही आमची पहिली भेट. कॅप्टन आधी सरकारी विमानं चालवायचे, आणि नव्वदनंतर खासगी कंपन्या निघाल्या तेव्हा त्यांतल्या एकीत गेले होते. पायलटला दर सहा महिन्यांनी हैदराबादला परीक्षा द्यावी लागते हे मला त्यांच्याकडूनच कळलं. एका बंद खोलीत हुबेहूब कॉकपिट असतं, मागे परीक्षक बसतो आणि त्याच्या मनाला येईल तो धोक्याचा दिवा लावतो. त्याचा सराव म्हणून घरी हा कागदी संसार. लाल टिकली म्हणजे आग, त्या बाजूचा दांडा ओढून ते इंजिन बंद करायचं; पिवळी म्हणजे सावधान. त्यांच्या बायको, शालूताई, वाशीच्या मार्केटमधून टिकल्यांची पाकिटं आणायच्या. स्वतः त्या कुंकू लावणाऱ्या, टिकल्या सगळ्या विमानाला. सांगलीकडच्या होत्या, मराठी शाळेत शिकलेल्या, पण त्या कागदावरचं एकूण एक बटण त्यांना तोंडपाठ होतं. एरवी नवऱ्याला 'अहो' म्हणायच्या. त्या खुर्चीत बसल्या की 'कॅप्टन'. तसा कॅप्टनचा नियमच होता.

नियम त्यांच्याकडे पुष्कळ होते. पहिला, हात मांडीखाली. "दिवा लागला की आधी हात धावतो, मग डोकं," ते म्हणायचे. "हाताला बांधून ठेवलं की डोक्याला पुढे यावंच लागतं." दुसरा नियम सांगताना त्यांचा आवाज खाली यायचा. पायलटच्या डोळ्यांसमोर एक मोठा पिवळा दिवा असतो. विमानात कुठेही काही बिघडलं की तो लागतो, आणि दाबला की विझतो. "लोक दाबतात. दिवा जातो, जिवाला बरं वाटतं. पण तो लागला कशासाठी होता, हे वाचायचं राहूनच जातं. दिवा विझला, आग तशीच." हे ऐकलं की मला उगाचच आमच्या फ्रीजचा आवाज ऐकू यायला लागायचा. मी जन्मात विमानात बसले नव्हते आणि या माणसाशेजारी राहून बसायची इच्छाही उरली नव्हती.

पण त्यांच्या नियमांनी एकदा आमचं घर वाचवलं हे सांगितलंच पाहिजे. स्वयंपाकघरात गॅसचा भपकारा आला. आमच्या ह्यांनी तत्परतेने पंखा लावायला हात उचलला आणि मागून आवाज आला, "हात खिशात!" कॅप्टन दारात उभे. आमचे हे जन्मात कुणाचं ऐकत नाहीत, पण दोन्ही हात खिशात घालून उभे राहिले. कॅप्टननी खिडक्या उघडल्या, ओट्याखाली वाकले. तिथे दोन सिलिंडर होते. एकाच्या रेग्युलेटरवर हात ठेवून मला म्हणाले, "चालू हाच ना? बघून सांगा. कन्फर्म?"

"अहो, बंद करा ना कुठला तरी!" मी ओरडले.

"कुठला तरी नाही, मास्तरीणबाई." माझी सकाळची शाळा असल्याने त्यांनी मला हे नाव ठेवलं होतं. "कुठला तरी बंद करून माणसं मेलीयत."

मी वाकले, पाहिलं, कन्फर्म म्हणाले. एवढं झाल्यावर त्यांनी रेग्युलेटर फिरवला. पुढे कितीतरी दिवस मी गॅस बंद करताना 'कन्फर्म' पुटपुटायची आणि मुलं हसायची.

देशमुखची गोष्ट त्याच्या नंतरची. हा लातूरकडचा तरुण पोरगा, त्यांच्या हाताखालचा को-पायलट. त्याला एकदा जेवायला बोलावलं होतं, आम्हीही होतो. शालूताईंनी मुळ्याची कोशिंबीर केली होती. कॅप्टननी एक घास घेतला आणि म्हणाले, "देशमुख, काकडी छान आहे, नाही?"

"येस सर. एकदम फ्रेश आहे सर."

मला हसू फुटलं. कॅप्टननी मात्र चमचा खाली ठेवला. "मुळा आहे तो. जिन्यात वास येतोय. तुला कळलं होतं?"

"कळलं होतं सर."

"मग?"

"तुम्ही सीनियर आहात सर."

"म्हणजे उद्या मी चांगलं इंजिन बंद केलं तरी तू फ्रेशच म्हणणार." कॅप्टनचा आवाज चढला नव्हता, पण जेवणाची चव गेली. "माझ्या चुकीला 'येस सर' म्हणणारा शेजारी बसला, तर मी एकटाच उडतोय. आणि एकट्यानं उडवायचं विमान नाही ते. मी चुकलो की अडवायचं. 'सर' मागाहून लावलंस तरी चालेल."

देशमुखचे कान लाल झाले. तेव्हापासून कॅप्टन त्याच्या परीक्षा घ्यायला लागले. मुद्दाम काहीतरी चुकीचं बोलायचं, चुकीच्या बटणाकडे बोट न्यायचं आणि तो पकडतो का बघायचं. पकडलं की 'शाब्बास'. पण हे सगळं जमिनीवर, विमान उभं असताना किंवा घरी कागदासमोर. "हवेत कधीच नाही," त्यांनी आमच्यादेखत त्याला बजावलं. "हवेत मी मुद्दाम चुकत नाही. तिथं चुकलो तर खरोखर चुकलो असं समज."

त्यांना या खेळाची गोडी लागली. सोसायटीतल्या पोरांना तर पर्वणीच. कॅप्टन जिन्यात भेटले की विचारायचे, "काय रे, आज रविवार ना?" पोरं शाळेच्या गणवेशात. "नाय काका, बुधवार!" की शाब्बास आणि पेपरमिंटची गोळी. गोळीसाठी पोरं त्यांच्या वाटेवर टपून बसायची. एकदा आमच्या धाकट्याला मी रागावले, तेव्हा तो म्हणाला, "आई, आता काका खूप सोप्पं विचारतात. आज तर तीन मिळाल्या."

हे शहाण्णव-सत्त्याण्णवच्या सुमाराचं. मीही एक गोळी मिळवली होती. शाळेतून येत होते, खांद्याला पिशवी, बोटं खडूनं पांढरी. कॅप्टन गेटपाशी भेटले. "काय मास्तरीणबाई, आज सुट्टी?" मी म्हटलं, "सुट्टी कसली, शाळा करूनच येतेय." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. नंतर शाब्बास म्हणाले, हसले, खिशात हात घातला, सगळं नेहमीसारखं. पण 'शाब्बास'च्या आधी एक क्षण त्यांच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. घरी येऊन ती गोळी मी खाल्ली नाही, टेबलावर ठेवली.

दुपारच्या घंटेला मी अधूनमधून जाऊन बसायची. एकदा लाल टिकली उजवीकडे होती आणि कॅप्टनचा हात डाव्या दांड्यावर गेला. "कॅप्टन, बाजू," शालूताई म्हणाल्या. "शाब्बास," कॅप्टन म्हणाले. पुढच्या खेपेला पुन्हा तेच. पुन्हा शाब्बास. जिन्यात शालूताई मला म्हणाल्या, "हल्ली ते माझी फार परीक्षा घेतात." मी हसले. त्या हसल्या नाहीत. तेव्हापासून त्या घरात पाऊल टाकलं की मी आधी टिकली कुठे आहे ते बघायची. स्पष्टच सांगते, मला भीती वाटायला लागली होती, आणि कशाची ते धड उच्चारायचीही हिंमत नव्हती.

मग एके दिवशी देशमुख पेढे घेऊन आला. कॅप्टन इस्त्रीचे कपडे आणायला खाली गेले होते. शालूताई आणि मी मेथी निवडत बसलो होतो.

"पास झालो बघा मावशी!" तो म्हणाला. "लई दिवसांनी सरांनी जबरी परीक्षा घेतली. अन् मी पकडलं की!"

"कसली?" शालूताईंनी विचारलं.

"परवा नागपूरहून येतावेळी. उजव्या जनरेटरचा पिवळा दिवा लागला. तर तो जनरेटर इंजिनापास्नं तोडायचा असतोय. लई जपून, कारण एकदा तोडला की हवेत परत जोडता येत नाही. अन् सरांचं बोट गेलं डावीकडं! म्हणजे चांगला होता तो तोडायला. मी म्हटलं, सर, बाजू! अन् मनगटच धरलं त्यांचं. सर म्हणाले, शाब्बास."

"हवेत?" शालूताई म्हणाल्या.

"हवेतच की मावशी."

"त्या बटणावर लाल झाकण असतं."

"असतंय की. बारीक तारेनं बांधलेलं."

"तार तुटली होती?"

देशमुख थांबला. "तुटली होती. झाकण वर होतं. बोट बटणावर. खाली आल्यावर इंजिनीअरकडून नवीन तार घालून घ्यावी लागली." बोलता बोलता त्याचा आवाज उतरत गेला. हातातला पेढ्यांचा पुडा कुठे ठेवावा ते त्याला कळेना. शालूताई मेथी निवडत राहिल्या. पानं कागदावर पडत होती आणि देठं पातेल्यात.

"सरांना सांगू नका मी आलो होतो," तो म्हणाला.

"मी सांगणार," शालूताई म्हणाल्या. "तू पकडलंस ते बरं केलंस. आता घरी जा."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला निरोप दिला, दुपारी या, काही बोलू नका, नुसत्या बसा. मी गेले. कॅप्टनना संध्याकाळची दिल्ली होती. गणवेशाची पँट चढवलेली, वर बनियन, तसेच ते खुर्चीत बसले. शालूताईंनी लाल टिकली उजवीकडे चिकटवली आणि घंटा वाजवली.

"इंजिन फायर, उजवं."

कॅप्टन हात मांड्यांखाली घेऊन बसले. श्वास सोडला. हात बाहेर आला आणि उजव्याच दांड्यावर गेला. मला इतकं हायसं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं.

"उजवं. कन्फर्म?"

शालूताईंनी वाकून पाहिलं आणि घंटा मांडीवर घेतली.

"कन्फर्म?"

"नाही."

कॅप्टननी स्वतःच्या हाताकडे पाहिलं, मग टिकलीकडे, मग परत हाताकडे. "उजवाच आहे, शालू. नीट बघ."

"बघितलं. आज हात बरोबर आहे. नागपूरहून येताना तार तोडलीत तुम्ही."

"देशमुख बोलला?"

"पेढे घेऊन आला होता बिचारा. पास झालो म्हणून."

"परीक्षा होती ती," कॅप्टन म्हणाले.

"हवेत?"

कॅप्टनचा हात अजून त्या छापील दांड्यावरच होता. तो त्यांनी उचलला आणि पुन्हा मांडीखाली घेतला.

"शाब्बास म्हणालो ना, तेव्हा मलाही वाटलं परीक्षाच घेतोय," ते म्हणाले. "घरी येईपर्यंत गाडीत आठवत होतो, ठरवलं कधी आपण? ठरवल्याचं काही सापडेना."

"आज जाऊ नका."

"असं एकदम नाही सोडता येत, शालू. आजची करतो. पुढच्या आठवड्यात डॉक्टरला दाखवू. दमलो असेन. एवढी वर्षं झाली, एक ओरखडा आलेला नाही कुणाला."

"कॅप्टन," शालूताई म्हणाल्या. "मी कन्फर्म म्हणणार नाही."

ते उठले आणि आत गेले. शालूताई घंटा मांडीवर धरून तशाच बसून राहिल्या. मी घरी येऊन गॅलरीत उभी राहिले, कारण दुसरं काही सुचत नव्हतं. खाली कंपनीची गाडी आली. आमच्या उघड्या दारातून समोरचं दार उघडताना दिसलं. कॅप्टन बाहेर आले ते टोपीसकट. टाय, खांद्यावर पट्ट्या, हातात काळी बॅग. म्हणजे निघालेच हे, असं मनात आलं. त्या वेळी सांताक्रूझच्या विमानतळावर कुणीतरी दिल्लीला जाण्यासाठी रांगेत उभं असेल, कुणाच्या कडेवर मूल असेल. त्यांना काय माहीत नेरूळच्या एका फ्लॅटमध्ये कागदासमोर काय झालं ते? मला ओरडावंसं वाटलं. पण मी त्यांची कोण?

कॅप्टन लिफ्टकडे गेले नाहीत. माझ्या दारात आले. "मास्तरीणबाई, एक फोन करू का? आमचा फोन शालूच्या समोर आहे."

त्यांनी नंबर फिरवला, स्वतःचं नाव सांगितलं. "संध्याकाळच्या दिल्लीवर दुसरा कॅप्टन लावा. नाही, ताप नाही. उद्याही नाही. मी बरा आहे की नाही ते डॉक्टर सांगतील, तोपर्यंत मला कुठल्याच विमानावर घालू नका. कारण? कारण लिहा की को-पायलटनं कन्फर्म दिलं नाही." पलीकडून काहीतरी विचारणा झाली असावी. "देशमुख नव्हे," कॅप्टन म्हणाले. "दुसरी आहे."

फोन ठेवून ते उभे राहिले. टाय नीट होता तरी परत नीट केला. "गाडीला परत पाठवून येतो," म्हणाले आणि बॅग उचलून जिन्याने खाली गेले. मी पुन्हा गॅलरीत आले. शालूताई केव्हा माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या ते मला कळलंच नाही. मी त्यांना फोनबद्दल सांगितलं. त्यांनी पदर तोंडाला लावला आणि मान हलवली. मीही रडले. सुटलो, असं वाटत होतं मला. आता काही होणार नाही, सगळं वेळेवर झालं.

यानंतर हळबे पती-पत्नी आमच्या समोर आणखी दोन-तीन वर्षं राहिले आणि मग मुलीकडे नागपूरला गेले. डॉक्टर झाले, मोठमोठी हॉस्पिटलं झाली, डोक्याचे फोटो झाले. ते सगळं मी पाहिलं, डबेही पोचवले. पण कॅप्टन म्हटलं की मला ते त्या संध्याकाळचेच दिसतात.

खाली ड्रायव्हरने सवयीने मागचं दार उघडलं. कॅप्टननी त्याच्या खांद्यावर हात ठेवून काहीतरी सांगितलं, दार स्वतः लावलं. गाडी हायवेच्या दिशेने वळून दिसेनाशी होईपर्यंत ते गेटपाशी उभे होते. मग वळले आणि चालत आले, पाठ ताठ, टोपी सरळ, चालीत कुठेही घाई नाही, आणि आमची ए विंग उजव्या हाताला सोडून समोरच्या बी विंगमध्ये शिरले. मी शालूताईंकडे पाहिलं. त्यांनी हाक मारली नाही. अनवाणीच जिन्याकडे धावल्या. समोरच्या जिन्याला सिमेंटची जाळी होती, त्यातून मला पांढरा शर्ट वर वर चढताना दिसत होता. आमच्याच उंचीला, तिसऱ्या मजल्यावर तो थांबला. शालूताई खाली अंगण ओलांडत होत्या तेव्हा कॅप्टननी बॅग खाली ठेवली होती, खिशातून किल्ली काढली होती आणि लोकांच्या कुलपाला ती शांतपणे पुन्हा पुन्हा लावून बघत होते.